गोळीसोबत तिचं कारण आणि तिची तारीखही लिहा

हृदयरोगावर उपचार करणारे डॉक्टर आणि या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रुग्ण माझ्यापर्यंत बहुधा रक्ताच्या नळीतूनच पोहोचतो. पण अहवाल न्यायला आलेली माणसं कधी कधी खिडकीपाशी थांबतात आणि विचारतात, "डॉक्टर, प्लेटलेट नॉर्मल आहेत ना? मग स्टेंटनंतरची ती गोळी आता बंद केली तर चालेल?" यात त्यांचं काही चुकत नाही. हातातल्या कागदावर दोन लाख चाळीस हजार असा आकडा असतो, शेजारी दीड ते साडेचार लाख अशी सामान्य मर्यादा छापलेली असते. आकडा मर्यादेत बसतो, म्हणजे सगळं ठीक असणार, असं कुणालाही वाटेल. पण आम्ही मोजतो ती फक्त संख्या. त्या प्लेटलेट शांत आहेत की चेतलेल्या, हे त्या आकड्यातून कळत नाही. आणि धमन्यांत चरबीचे थर साचण्याच्या आजारात, म्हणजे अथेरोस्क्लेरोसिसमध्ये, खरा प्रश्न त्या चेतण्याचाच असतो.

मागणी आधीच सांगून टाकते. प्लेटलेटवरचं कुठलंही औषध लिहिताना ते कशासाठी दिलं आहे आणि कधीपर्यंत घ्यायचं आहे, हे रुग्णाला वाचून समजेल अशा शब्दांत चिठ्ठीवर लिहिणं सक्तीचं करा. नुसतं 'चालू ठेवा' पुरेसं नाही. मागणी किरकोळ वाटेल, याची मला कल्पना आहे. तरीही या औषधांच्या बाबतीत तारीख ही डोसइतकीच महत्त्वाची आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठीच हे पत्र आहे. पत्र खुलं ठेवलं आहे, कारण ज्यांच्या चिठ्ठ्यांविषयी मी बोलते आहे त्यांनीही ते वाचावं.

प्लेटलेट ही धड पेशीसुद्धा नाही. अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशीपासून सुटलेला तो तुकडा. त्याला केंद्रक नाही, व्यास दोन ते चार मायक्रॉन, आयुष्य सात ते दहा दिवस. निरोगी शरीरात रोज सुमारे दहा हजार कोटी नव्या प्लेटलेट तयार होतात. धमनीचं आतलं अस्तर शाबूत असेल तर ते प्रोस्टासायक्लिन आणि नायट्रिक ऑक्साइड सोडून त्यांना शांत ठेवतं, आणि त्या चपट्या चकत्यांच्या रूपात निमूटपणे वाहत राहतात. अस्तर फाटलं आणि खालचं कोलॅजेन उघडं पडलं की काही सेकंदांत त्यांचं रूप पालटतं. चकतीचा गोळा होतो, त्याला लांब फाटे फुटतात, आतल्या कणिका रित्या होतात. त्यांतून बाहेर पडणारं एडीपी नावाचं रसायन आणि त्याच वेळी तयार होणारं थ्रॉम्बॉक्सेन ए-२ शेजारून वाहणाऱ्या प्लेटलेटनाही चेतवतं. प्रत्येकीच्या पृष्ठभागावर ऐंशी हजारांच्या आसपास ग्राहक-प्रथिनं असतात. ती फायब्रिनोजेनला धरतात आणि एक प्लेटलेट दुसरीला जोडली जाते. जूलिओ बिझोझेरो या इटालियन शास्त्रज्ञाने जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिन्यांत, जखमेच्या जागी प्लेटलेट कशा चिकटतात, हे पाहून १८८२ साली लिहून ठेवलं. रक्तस्राव थांबवणारी आणि वाहिनी बुजवणारी गुठळी एकाच प्रक्रियेतून होते, हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

त्यानंतर पुष्कळ काळ हृदयविकाराच्या कथेत प्लेटलेटला शेवटच्या अंकातच प्रवेश मिळत राहिला. वर्षानुवर्षं चरबी साचते, तिचा थर, म्हणजे प्लाक, जाड होतो, एके दिवशी त्यावरचं आवरण फाटतं, तिथे प्लेटलेट जमतात, गुठळी होते आणि झटका येतो. रुग्णाला आपण आजही हेच सांगतो. यात खोटं काही नाही, पण हे अर्धंच आहे.

१९७०च्या दशकात रसेल रॉस आणि जॉन ग्लॉमसेट यांनी अथेरोस्क्लेरोसिसकडे अस्तराच्या इजेला दिलेला प्रतिसाद म्हणून पाहायला सुरुवात केली. प्लेटलेटमधून सुटणारा एक वाढघटक धमनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशींना वाढायला लावतो, हे रॉस यांच्या प्रयोगशाळेत दिसलं होतं. म्हणजे प्लेटलेट फक्त गुठळी करत नाही, भिंतीच्या जडणघडणीतही ढवळाढवळ करते. २००२ साली श्टेफेन मासबर्ग आणि सहकाऱ्यांनी, हा आजार हमखास होणाऱ्या जातीच्या उंदरांत, प्लाक डोळ्यांना दिसण्याच्याही आधी प्लेटलेट अस्तराला चिकटतात हे दाखवलं. त्यांना चिकटवणारं प्रथिन दीर्घकाळ अडवून धरलं तेव्हा पांढऱ्या पेशी कमी जमल्या आणि प्लाकही कमी झाला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने तसल्याच उंदरांना चेतलेल्या प्लेटलेट वारंवार टोचल्या, आणि त्यांच्यातला आजार बळावला. त्या प्लेटलेट मोनोसाइट या जातीच्या पांढऱ्या पेशींवर आणि अस्तरावर असे रासायनिक संदेश ठेवून जात होत्या, की त्यामुळे मोनोसाइट तिथे थांबाव्यात आणि भिंतीत शिराव्यात. भिंतीत शिरलेल्या मोनोसाइट चरबी गिळून फुगतात आणि प्लाकचा गाभा होतात, हे आपण सगळे शिकलेलो आहोत. त्यांना आत बोलावणाऱ्यांत प्लेटलेटही असते, हे मात्र आपण फारसं बोलत नाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्यच. पण माणसातही कोरोनरी आजार असलेल्यांच्या रक्तात चेतलेल्या प्लेटलेट जास्त सापडतात, आणि मोनोसाइटला चिकटलेल्या प्लेटलेटच्या जोड्याही. झटका आल्यानंतर त्या आणखी वाढतात. आजाराच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत प्लेटलेट हजर असते, असं म्हणायला पुरेसा आधार आहे.

आता मुद्दा असा की ती आपणहून बिघडत नाही. तिला चिथावलं जातं. ऑक्सिडाइझ झालेलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, तिच्या पृष्ठभागावरच्या सीडी-३६ ग्राहकाला जोडलं जातं आणि ती चेतायला सोपी होते. जन्मजात कोलेस्टेरॉल वाढलेलं असणाऱ्या कुटुंबांतल्या रुग्णांच्या प्लेटलेट प्रयोगशाळेत जास्त संवेदनशील ठरतात, हे १९७४ पासून नोंदलेलं आहे. सिगारेटचा धूर तेच करतो, आणि वर अस्तराचं नायट्रिक ऑक्साइडही कमी करतो. म्हणजे एकीकडे चिथावणी वाढली, दुसरीकडे आवर घालणारा हात सैल झाला.

मधुमेहावर थोडं थांबायलाच हवं. रक्तातली साखर सतत जास्त राहिली की पांढऱ्या पेशींमधून निघणारी काही प्रथिनं यकृताला जास्त थ्रॉम्बोपोएटिन, म्हणजे प्लेटलेट वाढवणारं संप्रेरक, तयार करायला लावतात, आणि त्यामुळे अस्थिमज्जा जास्त प्लेटलेट घाईघाईने बाहेर पाठवते, हे उंदरांवरच्या प्रयोगांतून उलगडत गेलं. मधुमेही माणसाच्या रक्तातही कोवळ्या प्लेटलेटचं प्रमाण जास्त दिसतं. या कोवळ्या प्लेटलेट आकाराने मोठ्या आणि लवकर चेतणाऱ्या असतात. त्यातून औषधाचीही अडचण होते. अ‍ॅस्पिरिन रक्तात जेमतेम पंधरा-वीस मिनिटांत निम्मं होतं. तरी ते दिवसातून एकदा पुरतं, कारण त्या थोड्या वेळात ते प्लेटलेटमधलं थ्रॉम्बॉक्सेन बनवायला लागणारं कॉक्स-१ हे विकर (एन्झाइम) कायमचं बंद पाडतं, आणि केंद्रक नसल्यामुळे प्लेटलेटला नवं विकर बनवता येत नाही. ती प्लेटलेट आयुष्यभर थ्रॉम्बॉक्सेनविना राहते. पण सकाळच्या गोळीनंतर रात्रीतून अस्थिमज्जेने ज्या नव्या प्लेटलेट सोडल्या त्यांना अ‍ॅस्पिरिन भेटलेलंच नसतं. सामान्य माणसात रोज साधारण दहा टक्के प्लेटलेट बदलतात, म्हणून फारसं बिघडत नाही. ज्याच्या शरीरात हा बदल वेगाने होतो त्याच्या बाबतीत दुसरी गोळी घ्यायच्या वेळेपर्यंत आवर सुटू लागतो. अहवालातली संख्या या काळात अगदी सामान्य असू शकते.

म्हणून माझं म्हणणं असं की साखर आटोक्यात आणणं, कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन नियमित घेणं, सिगारेट सोडणं हे 'जीवनशैली' या गुळगुळीत शब्दाखाली चिठ्ठीच्या तळाशी ढकलू नका. हासुद्धा प्लेटलेटवरचाच उपचार आहे. अ‍ॅस्पिरिन चेतलेल्या प्लेटलेटची एक वाट अडवतं, चिथावणी मात्र तशीच राहते. रुग्णाला हे एवढं वाक्य कुणी सांगितलं तर स्टॅटिन सोडून फक्त 'गुठळीची गोळी' घेत राहणाऱ्यांची संख्या कमी होईल असं मला वाटतं.

अ‍ॅस्पिरिनची कथा आपल्या क्षेत्रातली सगळ्यात उमेद देणारी कथा आहे. कॅलिफोर्नियातले लॉरेन्स क्रेव्हन हे साधे जनरल प्रॅक्टिशनर. टॉन्सिल काढल्यावर अ‍ॅस्पिरिनयुक्त गम चघळणाऱ्या रुग्णांना जास्त रक्तस्राव होतो, हे त्यांच्या नजरेला आलं. मग हेच औषध हृदयातली गुठळी टाळेल का, असा प्रश्न त्यांना पडला, आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून ते आपल्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिन देऊ लागले. त्यांच्या लेखांकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे ते लक्ष न देणं अगदीच अन्यायाचं होतं असंही म्हणता येत नाही. १९७१ साली जॉन व्हेन यांनी अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन (थ्रॉम्बॉक्सेनच्याच कुळातली द्रव्यं) तयार होणं थांबवतं हे दाखवलं, १९७५ साली थ्रॉम्बॉक्सेन सापडलं, आणि १९८८ साली आयसिस-२ या चाचणीचे निकाल आले. झटका आल्याचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण. महिनाभर रोज सुमारे १६० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन. पाच आठवड्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणांनी होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी. गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज सोबत दिलं तर ४२ टक्क्यांनी. इतक्या स्वस्त औषधाने इतके जीव वाचल्याची उदाहरणं वैद्यकात फार थोडी आहेत.

त्यानंतर एडीपीची वाट अडवणारी औषधं आली. क्लोपिडोग्रेल अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला दिल्यावर, अस्थिर हृदयशूळ किंवा छोटा झटका आलेल्या १२,५६२ रुग्णांत हृदयरोगाने मृत्यू, पुन्हा झटका किंवा पक्षाघात यांचं एकत्र प्रमाण ११.४ वरून ९.३ टक्क्यांवर आलं. हे २००१ सालचं. पुढे प्रासुग्रेल आणि टिकाग्रेलॉरने ते आणखी खाली आणलं. पण प्रत्येक पायरीला रक्तस्रावही वाढत गेला. इथपासून पुढे, एकच नियम सगळ्यांना लावण्याची आपली सवय मला खटकू लागते.

क्लोपिडोग्रेल गोळीत असतं त्या रूपात काहीच करत नाही. यकृतात त्यावर प्रक्रिया होऊन ते कामाचं बनतं, आणि त्यात सीवायपी-२सी-१९ या विकराचा मोठा वाटा असतो. पोटात गेलेल्या औषधाचा बराचसा भाग त्याआधीच निकामी होतो. ज्यांच्या जनुकांत हे विकर दुबळं असतं त्यांना गोळी पूर्ण घेऊनही परिणाम अपुरा मिळतो. असे लोक जगभर आहेत, आशियाई लोकसंख्यांत तर पुष्कळच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०१० मध्ये या औषधाच्या वेष्टनावर चौकटीतली सूचना घातली ती यासाठीच. तरीही माझ्याकडे जनुकाची चाचणी मागणारी चिठ्ठी क्वचितच येते.

प्लेटलेटचं वागणं प्रत्यक्ष कसं दिसतं ते सांगते, कारण चिठ्ठी लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी विद्यार्थिदशेनंतर ते पाहिलेलं नसतं. रक्त गोठू नये म्हणून ते सिट्रेट घातलेल्या नळीत घेतात. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवायचा नाही, नळी जोरात हलवायची नाही, फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवायची नाही. यातलं काहीही केलं तरी प्लेटलेट वाटेतच चेततात आणि आपण रुग्णाऐवजी आपल्या हाताळणीचा निकाल वाचतो. मग नळी हलक्या वेगाने फिरवून वरचा पिवळसर, गढूळ प्लाझ्मा काढतात. ते गढूळपण प्लेटलेटचंच. तो ३७ अंशांवर यंत्रात ठेवतात, आत एक बारीक धातूची काडी फिरत असते, एका बाजूने प्रकाश सोडलेला असतो. मग एडीपीचा थेंब टाकतात. चेतणाऱ्या प्लेटलेट असतील तर मिनिटभरात त्या एकमेकींना धरू लागतात, गढूळपण नासलेल्या दुधासारखं फुटतं, कण वेगळे होतात, पलीकडे पोहोचणारा प्रकाश वाढतो आणि पडद्यावरची रेघ चढत जाते. औषध नीट लागू पडलेल्या रुग्णाची रेघ थोडी उठते आणि परत खाली येते. दोन रुग्ण, एकच औषध, एकच डोस, आणि एकाची रेघ खाली बसलेली तर दुसऱ्याची कुणी औषध दिलंच नसल्यासारखी चढलेली, असं चित्र मी पाहिलेलं आहे. गुस्ताव बॉर्न यांनी १९६२ साली ही पद्धत मांडली. आज बोटभर पेटीत घालून काही मिनिटांत निकाल देणारी यंत्रंही आहेत.

मग प्रत्येकाची ही चाचणी करावी का? नाही. इथे मी माझ्याच विभागाची बाजू ताणणार नाही. चाचणीत रेघ चढलेली दिसली म्हणून क्लोपिडोग्रेलचा डोस दुप्पट करून पाहिला गेला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रॅव्हिटास या चाचणीत २,२१४ रुग्णांत सहा महिन्यांनंतर दुप्पट आणि नेहमीच्या डोसच्या दोन्ही गटांत झटका, हृदयरोगाने मृत्यू किंवा स्टेंटमध्ये गुठळी अशा घटना २.३ टक्केच घडल्या, काडीचा फरक पडला नाही. फ्रान्समधल्या आर्क्टिक चाचणीतही मोजून औषध बदलण्याचा फायदा दिसला नाही. सरसकट मोजणं निरुपयोगी ठरलं, हे खरं. पण त्यावरून 'मोजण्यात अर्थच नाही' असा जो निष्कर्ष काढला गेला तो घाईचा होता. पॉप्युलर जेनेटिक्स या २०१९च्या चाचणीत मोठा झटका येऊन गेलेल्या २,४८८ रुग्णांपैकी अर्ध्यांची जनुकं तपासली, आणि ज्यांचं विकर चांगलं चालतं त्यांना टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल या तीव्र औषधाऐवजी साधं क्लोपिडोग्रेल दिलं. झटके आणि मृत्यू यांत नुकसान झालं नाही, रक्तस्राव मात्र १२.५ वरून ९.८ टक्क्यांवर आला. चाचणीचा उपयोग औषध वाढवण्यापेक्षा ते सुरक्षितपणे कमी करण्यासाठी होतो, हे माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं निरीक्षण आहे, आणि तुमच्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याला मिळालेली जागा त्याच्या महत्त्वाच्या मानाने फारच थोडी आहे.

जास्त दाबलं की जास्त फायदा, हा समज तर इतिहासानेच खोडून काढला आहे. फायब्रिनोजेनला धरणाऱ्या त्या ऐंशी हजार ग्राहकांनाच अडवणारं औषध शिरेतून थोडा वेळ दिलं तर उपयोगी पडतं. मग तेच तोंडाने, महिनोन्‌महिने द्यावं, असं शतक बदलताना वाटलं. तीस हजारांहून अधिक रुग्णांवर चाचण्या झाल्या, आणि मृत्यू घटण्याऐवजी वाढले. ती औषधं बाजारात आली नाहीत हे बरं झालं. प्लेटलेट हा शरीराचा शत्रू नाही. ती पुरती गप्प केली की मेंदूत आणि पोटात त्याची किंमत मोजावी लागते.

ही किंमत निरोगी माणसं फुकट मोजतात, याचा मला सर्वांत जास्त राग येतो. चाळिशी-पन्नाशी ओलांडली म्हणून, शेजाऱ्याला झटका आला म्हणून, 'हृदयाला चांगली असते' म्हणून अ‍ॅस्पिरिन सुरू झालेलं असतं आणि ते कुणी सुरू केलं हेही आठवत नाही. अ‍ॅस्प्री या चाचणीत प्रामुख्याने सत्तरी ओलांडलेल्या, हृदयविकार नसलेल्या १९,११४ लोकांपैकी अर्ध्यांना साडेचार वर्षांहून अधिक काळ रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिलं गेलं. हृदयविकार लक्षणीयरीत्या कमी झाला नाही, मोठे रक्तस्राव २.८ वरून ३.८ टक्क्यांवर गेले. मधुमेही पण हृदयविकार नसलेल्या १५,४८० लोकांवरच्या असेंड चाचणीत थोडा फायदा दिसला, पण वाढलेल्या रक्तस्रावाने तो जवळजवळ खाऊन टाकला. दोन्ही निकाल २०१८चे. अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या कृती दलाने २०२२ साली स्पष्ट सांगितलं की साठी ओलांडलेल्यांना, आधी आजार नसताना, प्रतिबंधासाठी अ‍ॅस्पिरिन नव्याने सुरू करू नये. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. ते रुग्णाच्या चिठ्ठीपर्यंत पोहोचलेलं नाही, एवढंच मी सांगते आहे. प्रत्येक गोळीपुढे कारण लिहावं लागलं असतं तर अशा माणसाच्या चिठ्ठीवर तुम्ही काय लिहिलं असतं? लिहायला कारण सापडलं नाही, म्हणजे ती गोळी द्यायला नको, हे तिथल्या तिथे कळलं असतं.

दुसऱ्या टोकाला आहेत ते वेळेआधी गोळ्या सोडणारे. स्टेंट ही धमनीत ठेवलेली परकी वस्तू. तिच्यावर नवं अस्तर चढेपर्यंत प्लेटलेटच्या दृष्टीने ती उघडी जखमच असते. औषधी लेप असलेल्या पहिल्या पिढीच्या स्टेंटवर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, स्टेंटमध्ये गुठळी होण्यामागे सर्वांत मोठं कारण गोळ्या वेळेआधी बंद करणं हेच निघालं. आजचे स्टेंट पुष्कळ सुधारले आहेत, पण सुरुवातीच्या महिन्यांतला धोका संपलेला नाही. आणि गोळ्या सुटतात कशा? कधी दात काढायचा असतो, कुणीतरी 'गोळ्या बंद करून या' म्हणतं, आणि रुग्णही ते ऐकतो, कारण 'बंद करू नका' असं लिहिलेला कागद त्याच्याकडे नसतोच. बहुतेक वेळा दात काढायला या गोळ्या थांबवायची गरजही नसते. कधी हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर निळे डाग पडतात आणि माणूस घाबरतो. टिकाग्रेलॉरने काहींना धाप लागल्यासारखं होतं. आपलं हृदयच पुन्हा बिघडलं असं समजून ते गोळी सोडतात. औषधाचा हा ओळखीचा दुष्परिणाम आहे, तुमच्याशी बोलून गोळी बदलता येते, हे चार शब्द आधी कळले असते तर पुढचं टळलं असतं.

लहान वाटणाऱ्या आणखी काही गोष्टी चिठ्ठीवर यायला हव्यात. अ‍ॅस्पिरिनच्या आधी आयबुप्रोफेन घेतलं तर ते कॉक्स-१मधली जागा अडवून बसतं आणि अ‍ॅस्पिरिन तिथे पोहोचण्याआधीच रक्तातून निघून जातं. गुडघेदुखीसाठी रोज सकाळी वेदनाशामक घेणाऱ्या वृद्ध रुग्णाला हे सांगायला हवं. आम्लपित्तासाठी दिलेलं ओमेप्राझोल क्लोपिडोग्रेलला कामाचं बनवणाऱ्या विकरालाच अडथळा करतं. त्याच वर्गातली कमी अडथळा करणारी औषधं उपलब्ध आहेत. 'अ‍ॅस्पिरिन लागू पडत नाही' अशा शेऱ्यामागे पुष्कळदा वेष्टन चढवलेली, पोटात नीट न शोषली जाणारी गोळी निघते, किंवा मुळात न घेतलेली गोळी.

समित्यांच्या सदस्यांना माझी विनंती वेगळी आहे. अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीची एडीपी अडवणारी गोळी, या दोन गोळ्यांचा काळ पूर्वी सरसकट बारा महिने धरला जायचा. आता तुम्हीच, रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर एक ते तीन महिने, स्थिर आजारात साधारण सहा, झटक्यानंतर बारा, आणि निवडक रुग्णांत त्याहून अधिक, अशी तफावत मान्य केली आहे. २०१९च्या ट्वायलाइट चाचणीत तीन महिन्यांनंतर अ‍ॅस्पिरिन थांबवून एकटं टिकाग्रेलॉर चालू ठेवलं तर रक्तस्राव ७.१ वरून ४ टक्क्यांवर आला आणि झटके वाढले नाहीत. म्हणजे कोणती गोळी, किती दिवस, हे माणसागणिक वेगळं ठरणार. असं असताना तारखेविना चिठ्ठी ही अपुरी चिठ्ठी आहे, असं तत्त्वांत एका ओळीत लिहायला काय हरकत आहे? जनुक-तपासणी किंवा प्लेटलेटचं वागणं तपासणं कुणाला उपयोगी पडेल तेही स्पष्ट नावानिशी लिहा: पूर्ण औषध घेऊनही स्टेंटमध्ये गुठळी झालेला रुग्ण, तीव्र औषधावर रक्तस्राव होणारा रुग्ण, औषध सौम्य करायचं आहे पण भीती वाटते असा रुग्ण. 'विचार करता येईल' या शब्दांनी कुणीच विचार करत नाही.

संशोधनाला पैसा देणाऱ्यांनाही दोन शब्द. मोनोसाइटना भिंतीत बोलावून प्लेटलेट तिथला दाह पेटता ठेवते, हे आपण पाहिलं. पण आजची सगळी औषधं तिचं गुठळी करणं रोखण्यासाठी बेतलेली आहेत. दाहावर थेट जाण्याचे प्रयोग झाले. २०१७च्या कॅन्टोस चाचणीत कॅनाकिन्युमॅब या दाह कमी करणाऱ्या औषधाने झटका, पक्षाघात किंवा हृदयरोगाने मृत्यू अशा घटना १५ टक्क्यांनी घटवल्या, मात्र जीवघेण्या संसर्गांची किंमत देऊन. कोल्चिसिनने दीर्घकालीन रुग्णांत चांगला फायदा दाखवला, पण २०२४ साली झटक्यानंतरच्या एका मोठ्या चाचणीत तो दिसला नाही. प्लेटलेट आणि मोनोसाइट यांची जोडी तुटेल पण जखमेवरची गुठळी होतच राहील, असं औषध मिळालं तर रक्तस्रावाची ही सततची टांगती तलवार दूर होईल. ते काम अवघड आहे, बरंच पुढे जायचं आहे, आणि त्यासाठी निधी देणारेही थोडे आहेत.

चिठ्ठीवर मला काय दिसायला हवं ते एकदा लिहूनच दाखवते. 'अ‍ॅस्पिरिन ७५ मिलिग्रॅम, रोज एक, जेवणानंतर. कारण: हृदयाच्या धमनीत स्टेंट आहे. दीर्घकाळ घ्यायची. टिकाग्रेलॉर ९० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. कारण: झटका आणि नवा स्टेंट. अमुक तारखेपर्यंत, त्या दिवशी येऊन भेटणे. त्याआधी दात, शस्त्रक्रिया किंवा कुठल्याही कारणाने कुणी बंद करायला सांगितलं तर आधी या क्रमांकावर विचारणे. काळी शौच, लघवीत रक्त किंवा न थांबणारा रक्तस्राव झाल्यास लगेच येणे. आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नये.' हे लिहायला मिनिटभर लागेल. छापील शिक्का केलात तर तेवढंही लागणार नाही.

पत्र वाचणाऱ्या रुग्णांना इतकंच सांगते: यातलं काही वाचून गोळी स्वतःहून बंद करू नका, सुरूही करू नका. चिठ्ठी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि कारण व तारीख लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे.

आमच्या बाजूने, म्हणजे प्रयोगशाळांनी, काय करावं हेही मी सहकाऱ्यांना लिहिते आहे. प्लेटलेटच्या संख्येखाली एक ओळ छापता येईल: 'ही फक्त संख्या आहे, हृदयाच्या गोळ्या सुरू किंवा बंद करण्याचा निर्णय या आकड्यावरून करू नये.' माझ्या अहवालांवर ती ओळ येत्या महिन्यापासून असेल. तुमच्या समितीच्या पुढच्या बैठकीत चिठ्ठीचा विषय घेतलात, तर नमुना कसा घ्यायचा, कुठली चाचणी कुणासाठी आणि तिचा निकाल कसा वाचायचा, हे समजावून द्यायला मी यायला तयार आहे.

आपली,
एक पॅथॉलॉजिस्ट